पूर ओसरल्यावर शाळेचं मैदान

आकाशवाणीच्या जळगाव केंद्रानं मला शाळेच्या मैदानाविषयी बोलायला सांगितलं. मी बोलणार आहे ते मोठ्या संकटानंतर मैदान गावाला कसं सावरतं, याबद्दल.

आपल्या नद्या वर्षातले कितीतरी महिने कोरड्या असतात, म्हणून आपण त्यांना विसरतो. सप्टेंबर १८७२ मध्ये गिरणा आणि पांझरा फुगल्या, तेव्हा एकट्या धुळ्यात पाचशे घरं गेली. ऑगस्ट २०२१ अखेरीस चाळीसगावात तितूर आणि डोंगरी नद्यांचं पाणी घरादुकानांत शिरलं, जनावरं वाहून गेली. पाणी ओसरलं की पंचनामे होतात, धान्य येतं, मोठी माणसं गाळ उपसायला लागतात. आणि पोरांना सांगितलं जातं, "मधे मधे येऊ नका, तिकडे बसा."

तिकडे म्हणजे कुठे? शाळेच्या मैदानावर.

लहान मूल भीती बोलून दाखवत नाही, खेळून दाखवतं. मातीचं घर करतं, त्यावर तांब्यानं पाणी ओततं, घर पडलं की पुन्हा बांधतं. आई म्हणते, असले अभद्र खेळ खेळू नको. माउली, खेळू दे त्याला. पडलेलं घर आपल्या हातानं पुन्हा उभं करता येतं, हे ते मूल त्या खेळात शिकत असतं. म्हणून मैदानात महागडी घसरगुंडी नसली तरी चालेल. माती, वाळू, बांबू, जुने टायर हवेत. १९४३ मध्ये जर्मनांच्या ताब्यातल्या डेन्मार्कात, कोपनहेगनजवळ एम्ड्रुपला असंच मैदान झालं. मुलांनी मोडक्या लाकूडसामानातून हवं ते रचायचं. युद्धानंतर लंडनमध्ये बॉम्बनं पडलेल्या घरांच्या मोकळ्या जागांवरही तशी मैदानं निघाली.

पण माझा जीव आहे तो मैदानाच्या कडेवर. कडेला एक निंब, त्याला पार, आणि फांदीला झोका. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकी निंबाला झोके बांधतात, ते खानदेशात कुणाला सांगायला नको. तो झोका शाळेत बारमाही असू द्या. पोर झोक्यावर असलं की आजी पारावर येऊन बसते. आजी आली की शेजारीण येते. मग कुणाचं किती गेलं, कुणाकडे आज चूल पेटली नाही, हे तिथे कळतं. ते कुठल्याच पंचनाम्यात येत नाही. म्हणून सांगतो, मैदान मुलांसाठी, पण कड गावासाठी.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर ५२ गावं नव्या जागी वसवली. घरं पक्की झाली, रस्ते रुंद झाले. पण आखीव चौकोनांत जुना शेजार विखुरला आणि बायकांची उठण्याबसण्याची जागा हरवली. अशा वेळी शाळेची कड ही उणीव भरून काढू शकते.

आता थोडं रागावतो. मैदानभर पेव्हर ब्लॉक कशाला बसवता? आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला जातो; त्यावर अनवाणी पोर उभं तरी राहील का? शिवाय पाणी मुरत नाही. आपल्या काळ्या मातीचा चिखल होतो हे खरं, पण त्याला उपाय मुरमाचा थर, एका बाजूला उतार आणि कडेनं चर. दुसरं म्हणजे फाटकाचं कुलूप. शाळा सुटली की मैदान बंद, हे बरं नाही.

वेळ संपत आली, म्हणून बाकीचं भरभर सांगतो. हातपंप उंच ओट्यावर घ्या, म्हणजे पुराचं घाण पाणी त्यात जाणार नाही. पाराला पायऱ्यांबरोबर उतार ठेवा, म्हातारी माणसं आणि अपंग मुलं वर येतील. आणि मदतीच्या तंबूंसाठी जागा लागली तरी एक कोपरा खेळायला राखून ठेवा. पुन्हा सांगतो, एक कोपरा राखून ठेवा.

शिक्षण हक्क कायद्यानं शाळेला मैदान हवंच, आणि शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. म्हणजे हा निर्णय तुमच्या हातात आहे. पुढच्या बैठकीत हा विषय मांडा, आणि यंदाच्या पहिल्या पावसात शाळेच्या कडेला एक निंब लावा.