गम्बोंतलें अंडें

अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर लुइझियाना नांवाचें राज्य आहे. मिसिसिपी नदी तेथें समुद्रास मिळते, आणि तिच्या मुखाभोंवतीं दलदलीचें व संथ वाहणाऱ्या ओहोळांचें जाळें पसरलेलें आहे. या राज्यांत घरोघरीं गम्बो नांवाचा पदार्थ होतो. चरबींत मैदा भाजून केलेल्या रश्श्यांत कोंबडी, सॉसेज, कोळंबी किंवा खेकडे शिजवावे आणि तो रस्सा भातावर घालून खावा, असें त्याचें सामान्य रूप. २००४ मध्यें राज्याच्या विधिमंडळानें त्यास अधिकृत मान्यताही दिली. परंतु या मान्यताप्राप्त पदार्थांत अंडें घालावें कीं नाहीं, याविषयीं खुद्द त्या राज्यांत एकमत नाहीं. न्यू ऑर्लिन्स शहरांतील पुष्कळ कुटुंबांस ही कल्पनाच चमत्कारिक वाटते. उलट पश्चिमेकडील गवताळ प्रदेशांत अशीं कित्येक घरें आहेत, कीं जेथें पातेल्यांतून प्रत्येकाच्या ताटलींत एकेक अंडें आलें नाहीं तर जेवण अपुरें राहिल्यासारखें वाटतें. वाद क्षुल्लक दिसतो. पण त्याच्या मुळाशीं एका समाजाची गरिबी, त्याचा धर्म आणि त्याच्या तोंडून हिरावली गेलेली भाषा यांचा इतिहास आहे.

प्रथम या पदार्थाचें कुलगोत्र पाहूं. गम्बो हें नांव आफ्रिकेंतून आलें. तेथील कांहीं भाषांत भेंडीला जो शब्द आहे त्याचेंच हें रूप, असें बहुतेक अभ्यासक मानतात. गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकन लोकांबरोबर भेंडी लुइझियानांत आली व रस्सा दाट करण्याची तिची कलाही आली. त्याच भूमींतील चॉक्टॉ नांवाच्या मूळच्या रहिवाशांनीं सॅसाफ्रास वृक्षाचीं पानें वाळवून केलेली पूड दिली. तिला फिले म्हणतात. चरबींत मैदा परतण्याची रीत फ्रेंचांची. त्या रीतीचें नांव रू. म्हणजे तीन खंडांतील लोकांचे हात एका पातेल्याला लागले आहेत. १८०३ मध्यें लुइझियानांतील फ्रेंच अधिकारी पिएर क्लेमां द लोसा यानें न्यू ऑर्लिन्स येथें दिलेल्या मेजवानींत चोवीस प्रकारचे गम्बो केलेले होते, आणि त्यांतील कित्येक समुद्रांतील कासवाच्या मांसाचे होते. एकच गम्बो खरा आणि बाकीचे भ्रष्ट, असा नियम त्या काळींही कोणीं केलेला नव्हता.

या पदार्थाशीं आज ज्यांचें नांव विशेष जोडलें जातें ते केजन लोक तेथें नंतर आले. सतराव्या शतकांत फ्रान्समधून कांहीं शेतकरी कुटुंबें कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर अकेडी या प्रदेशांत जाऊन राहिलीं. तो प्रदेश पुढें इंग्रजांच्या ताब्यांत गेला. राजनिष्ठेची बिनशर्त शपथ घेण्यास या अकेडियन लोकांनीं नकार दिला, तेव्हां १७५५ पासून इंग्रजांनीं त्यांस घरांदारांतून हुसकून जहाजांत घातलें. कुटुंबें फुटलीं, हजारों माणसें वाटेंत व परक्या मुलुखांत मेलीं. उरलेल्यांपैकीं कांहीं १७६४ च्या सुमारास लुइझियानांत पोंचलीं. १७८५ मध्यें फ्रान्समधून सात जहाजांनीं आणखी सुमारें सोळाशें माणसें आणलीं. अकेडियन या शब्दाचा अपभ्रंश केजन. ज्या थंड देशांतून हे लोक आले तेथें ना भात होता, ना भेंडी. शेजारच्या आफ्रिकन, स्पॅनिश, जर्मन व मूळच्या लोकांकडून त्यांनीं नवें अन्न शिकून घेतलें. तेव्हां आज ज्यास परंपरा म्हणतात ती मुळांत परमुलुखांत जगण्याची तडजोड होती, हें विसरतां येत नाहीं.

आतां रूचें तंत्र थोडें समजून घेतलें पाहिजे, कारण प्रांताप्रांतांतील भेद बरेचसे तेथूनच सुरू होतात. जाड बुडाच्या भांड्यांत मैदा व तेल किंवा डुकराची चरबी सारख्या मापानें घेऊन मंद आंचेवर अखंड ढवळावें लागतें. पीठ प्रथम पांढरें असतें, मग बदामी होतें, मग तांबूस, आणि पाऊण तासाच्या सुमारास तें चॉकलेटच्या रंगाला येतें. काळे ठिपके दिसले कीं तें करपलें. मग तें फेंकून पुन्हां आरंभ करण्यावांचून गति नसते. पीठ जितकें अधिक भाजावें तितका त्याचा खमंगपणा वाढतो, पण रस्सा दाट करण्याची त्याची शक्ति कमी होते. कारण उष्णतेनें पिठांतील पिष्टाचे कण तुटतात. म्हणून गडद रूचा गम्बो रंगानें काळसर पण अंगानें पातळ असतो. त्याला दाटपणा हवा असेल तर भेंडी घालतात, नाहीं तर वाढतेवेळीं फिले घालतात. फिले उकळूं द्यावयाची नसते. उकळली कीं तिची तार सुटते. पूर्वी भेंडी उन्हाळ्यांत मिळे आणि फिले बारा महिने टिके. तेव्हां भेंडीचा गम्बो उन्हाळ्याचा आणि फिलेचा हिंवाळ्याचा, अशी वांटणी ऋतूनेंच केलेली होती.

न्यू ऑर्लिन्सच्या क्रिओल घरांत गम्बोला खेकडे, कोळंबी व भेंडी लागते, आणि पुष्कळदां टोमॅटोही लागतो. पश्चिमेकडील ममू, युनिस, चर्च पॉइंट व ऑपेलूसस या गांवांच्या गवताळ प्रदेशांत टोमॅटोचें नांव काढतांच लोक नाकें मुरडतात. तेथील गम्बो कोंबडीचा व धुरी दिलेल्या सॉसेजचा. त्याचा रू गडद व रस्सा पातळ. भाताशेजारीं, किंवा थेट रश्श्यांतच, उकडलेल्या बटाट्याची अंडें घातलेली कोशिंबीर वाढण्याची चालही तिकडे आहे. लेंटच्या उपवासापूर्वी मार्दी ग्राच्या दिवशीं याच गांवांतून मुखवटे घातलेले स्वार दारोदार हिंडून कोंबड्या, तांदूळ व कांदे मागतात, आणि संध्याकाळीं त्या भिक्षेचा सर्वांसाठीं एकच गम्बो होतो. तिसरा भाग लाफूर्श व टेरेबोन येथील ओहोळांचा व किनाऱ्याचा. तेथें कोळंबी, खेकडे व कालवें हेंच धन. अर्थात् या सीमा नकाशावरील रेघांसारख्या नाहींत. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या परगण्यांत गेली कीं तिच्या आईची रीतही तिच्याबरोबर जाते.

या पार्श्वभूमीवर अंड्याचा प्रश्न उलगडतो. गवताळ प्रदेशांतील शेतकऱ्याच्या घरीं खाणारीं तोंडें पुष्कळ असत. विजेच्या तारा अमेरिकेंतील खेड्यांकडे वेगानें जाऊं लागल्या त्या १९३५ नंतर. तोंपर्यंत मांस टिकविण्यास घरीं शीतपेटी नव्हती. कापलेली कोंबडी त्याच दिवशीं संपवावी लागे, आणि दहा-बारा माणसांत एक कोंबडी वांटली तर कोणाच्या वांट्याला पंख, तर कोणाच्या वांट्याला मान येई. शिवाय अंडीं देणारी कोंबडी कापणें म्हणजे रोजचें उत्पन्न बुडविणें. अंडीं मात्र खुराड्यांत रोज मिळत व कांहीं दिवस टिकत. म्हणून गृहिणी माणशीं एक अंडें रश्श्यांत सोडी. धाकट्या मुलाच्या ताटलींतही मग एक अखंड वस्तु पडे, आणि मांस कोणाला किती आलें हें मोजण्याचें कारण उरत नसे. त्या अंड्यामागें हिशेब होता, पण तो कृपणाचा नव्हे. घरांत कोणी दुजाभावानें जेवूं नये, यासाठीं केलेला तो हिशेब होता.

दुसरें कारण धर्माचें. केजन लोक बहुतांशीं रोमन कॅथलिक. १९६६ पर्यंत अमेरिकेंतील कॅथलिकांस वर्षांतील प्रत्येक शुक्रवारीं मांस वर्ज्य होतें. त्या वर्षीं तेथील धर्मगुरूंनीं हें बंधन शिथिल केलें, परंतु लेंटमधील शुक्रवारीं तें अद्याप पाळलें जातें. मासळी व अंडीं यांस मात्र मुभा. लेंट येतो वसंत ऋतूच्या सुमारास, आणि दिवस मोठा होऊं लागला कीं कोंबड्यांचें अंडीं घालणें वाढतें. म्हणजे ज्या शुक्रवारीं मांस नको, त्याच दिवसांत खुराडें भरलेलें. किनाऱ्याकडे यांत सुक्या कोळंबीची भर पडली. कोंकणांत ज्यांस सोडे म्हणतात तशीच ही कोळंबी. न्यू ऑर्लिन्सच्या दक्षिणेस बाराटारिया उपसागरांत फिलिपिनो व चिनी लोकांनीं पाण्यावर लांकडी मांडव उभारून ती मिठाच्या पाण्यांत उकडून वाळविण्याचा धंदा चालविला होता. वाळलेल्या कोळंबीवर पायांनीं नाचून ते तिचें कवच सोडवीत. त्यांतील मनिला व्हिलेज ही प्रसिद्ध वस्ती १९६५ च्या चक्रीवादळांत नष्ट झाली. परंतु सुकी कोळंबी व अंडीं यांचा गम्बो अद्यापि घरांतून होतो. सोड्यांनीं रश्श्याला वास व चव येते, आणि अंड्यानें पोट भरतें.

असा हा पदार्थ घरांत इतका रुळलेला असतां बाहेर त्याचें नांव फारसें कां ऐकूं येत नाहीं? ऑपेलूससजवळच्या शेतकरी कुटुंबांत १९४० मध्यें जन्मलेले व तेरा भावंडांतील शेंडेफळ असलेले पॉल प्रूडोम यांनीं १९७९ मध्यें न्यू ऑर्लिन्स येथें आपलें उपाहारगृह उघडलें, आणि पुढील दहा वर्षांत केजन पाककलेची कीर्ति देशभर पसरली. गांवोगांवच्या उपाहारगृहांच्या यादींत गम्बो आला. पण त्याबरोबर अंडें क्वचितच आलें. याचें एक कारण व्यावहारिक आहे: दिवसभर गरम ठेवलेल्या मोठ्या पातेल्यांत अंडें रबरासारखें होतें. दुसरें कारण मनांतलें आहे. अंडें हें कोंबडी न परवडल्याची खूण. आणि गरिबीची खूण पाहुण्यापुढें ठेवण्यास माणूस कचरतो.

केजन लोकांस हा संकोच नवा नव्हता. १९२१ च्या राज्यघटनेनें लुइझियानांतील शाळांचें शिक्षण केवळ इंग्रजींतून व्हावें असें ठरविलें, आणि शाळेंत घरची फ्रेंच बोलणाऱ्या मुलांस शिक्षा होऊं लागल्या. केजन हा शब्दच तेव्हां अडाणीपणाचा वाचक समजला जाई. ज्यांनीं तो अपमान सोसला त्यांनीं आपल्या मुलांशीं फ्रेंच बोलणें सोडलें. १९६८ मध्यें त्याच राज्यानें फ्रेंच भाषेच्या संवर्धनासाठीं सरकारी परिषद स्थापिली, परंतु तोंवर एक पिढी मुकी झालेली होती. भाषेची गोष्ट पुस्तकांत नोंदली जाते. आईनें पातेल्यांत अंडें कसें सोडलें ही गोष्ट कोणी नोंदीत नाहीं. ज्या घरांत फ्रेंच थांबली त्या घरांतही अंडें चालू राहिलें, याचें महत्त्व यासाठींच आहे.

अंडीं घालण्याच्या दोन रीती आहेत. एकींत तीं आधीं उकडून, सोलून, गम्बो उतरण्यापूर्वी अर्धा तास रश्श्यांत टाकतात; मग पांढऱ्या भागावर तांबूस रंग चढतो व रश्श्याची चव आंत उतरते. दुसरींत कच्चें अंडें वाटींत फोडून, आंच अगदीं मंद करून, अलगद रश्श्यावर सोडतात. पांढरा भाग धरेपर्यंत डाव लावावयाचा नाहीं. लावला तर अंड्याच्या चिंध्या होऊन रस्सा गढूळ होतो. पिंवळा भाग मऊ हवा कीं घट्ट, याचा निर्णय ज्याचा त्यानें करावा. आपल्याकडे उकळत्या रश्श्यांत अंडीं फोडून सोडणाऱ्या गृहिणींस ही दुसरी रीत परकी वाटणार नाहीं.

तेव्हां गम्बोंत अंडें शास्त्रोक्त आहे काय, असा प्रश्न विचारणाऱ्यानें आधीं कोणत्या गांवचा गम्बो, कोणत्या वारीं केलेला, आणि पंक्तीला माणसें किती, एवढें विचारून घ्यावें. या तीन प्रश्नांचीं उत्तरें मिळालीं, कीं पहिल्या प्रश्नाचें उत्तर त्या घरांतील आजीबाईच देईल. आणि बहुधा ती तें उत्तर तोंडानें न देतां एक अंडें ताटलींत वाढून देईल.