पाणमांजर हे मांजर नाही! (एपिसोडचा मजकूर)

मी बोलतोय कुंभारीहून, आपल्या सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावरच्या. इअरफोन लावलेत ना? मग चला, आज एका खानदानाची गोष्ट.

माझे आजोबा सांगायचे, "आरं, सीना नदीत ऊद बघितलाय म्या. चार-पाच जण मिळून मासं धरायचे." मी तेव्हा बीटेकला, जरा जास्तच शहाणा. म्हटलं, "आबा, मुंगूस असेल ते." आबा गप्प बसले. चूक माझी होती, पण ती कळली तेव्हा आबा नव्हते.

ऊद म्हणजे पाणमांजर. नावात मांजर, पण नातं कुत्रा-अस्वलाच्या बाजूचं. आणि मुंगूस? ते मांजर-तरसाच्या बाजूचं. ऊदाचे खरे भाऊबंद म्हणजे हिमालयातले वीझल, बिज्जू वगैरे.

यांचे जीवाश्म सोलापुरात का नाहीत? आपल्या पायाखालचा काळा दगड म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. तेव्हा हे खानदान जन्मालाच आलं नव्हतं! त्यासाठी जावं लागतं शिवालिक टेकड्यांत, जिथे नद्यांच्या गाळात हाडं जपली गेली. तिथल्याच जीवाश्मावरून १९व्या शतकात ह्यू फाल्कनर यांनी एका मोठ्या ऊदाला नाव दिलं, एनहायड्रिओडॉन.

आता गंमत बघा. याच एनहायड्रिओडॉनचे भाऊबंद आफ्रिकेतही सापडतात. इथिओपियातल्या एका जातीचं वर्णन २०२२ मध्ये आलं. अंदाजे वजन २०० किलोच्या वर, म्हणजे सिंहाएवढा ऊद!

मधे समुद्र, मग हे गेले कसे? साधारण २ कोटी वर्षांपूर्वी अरबस्तानाचा भाग आशियाला येऊन भिडला. जमिनीची वाट तयार झाली आणि प्राण्यांची ये-जा सुरू झाली. तसंच सैबेरिया आणि अलास्कामधला समुद्र जेव्हा जेव्हा उतरला, तेव्हा या खानदानातले काही अमेरिकेत पोचले. सुमारे ३० लाख वर्षांपूर्वी पनामाची पट्टी जोडली गेली आणि दक्षिण अमेरिकेचं दार उघडलं. आज ॲमेझॉनमध्ये महाकाय ऊद आहेत, ते उगाच नाही.

म्हणजे सगळा खेळ वाटेचा. वाट जोडली की खानदान पसरतं, तुटली की एकेक टोळी एकटी पडते. आपल्याकडचा ऊद दक्षिण इराकच्या दलदलीतही राहतो, पण मधे मोठी फट आहे.

आज तीच वाट आपण तोडतोय. ऊद नदीकाठी बीळ करतो. वाळू उपसली की काठ ढासळतो, आणि मासे संपले की तो उपाशी. खंड ओलांडणाऱ्या खानदानाला आपल्या नदीतला एक कोरडा पट्टा ओलांडता येईना, असं व्हायला नको.

म्हणून एक काम करा. आज घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, "ऊद बघितलाय का? कुठं? कधी?" फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. आणि स्वतःला दिसलाच, तर जागा रीलमध्ये टाकू नका, वनविभागाला कळवा.

मी आबांना विचारायचं राहिलं. तुम्ही विचारा. भेटू पुढच्या एपिसोडला!