बॅगेत दोन जोड बूट



आषाढातल्या पावसाला कंटाळून माणसं पळतात, तसे गेल्या जुलैत आम्ही दोघं मॉरिशसला पळालो. मुंबईहून विमानानं साधारण सहा तास. घड्याळ दीड तास मागे घ्यायचं आणि ऋतू पार उलटा करायचा, कारण विषुववृत्ताच्या दक्षिणेला जुलै-ऑगस्ट म्हणजे हिवाळा. हिवाळा शब्दाला घाबरू नका. किनाऱ्यावर दुपारी चोवीस-पंचवीस अंश. ना घाम, ना हुडहुडी.

बॅग भरताना आमचे हे म्हणाले, "बेटावर तर चाललोय. चार टी-शर्ट, दोन हाफ पँट, चपला. झालं!" आमचे पहिले दोन दिवस या वाक्यानं खाल्ले.

बेट तसं लहान. दक्षिणोत्तर सुमारे ६५ किलोमीटर, म्हणजे पुण्याहून निघून लोणावळ्याला पोचेपर्यंत संपलंच. पण मधोमध पठार उचललेलं आहे. आग्नेयेकडून समुद्रावरचे वारे येतात, या पठाराला अडतात, तिथेच पाऊस टाकतात आणि पश्चिम किनाऱ्यावर कोरडे होऊन उतरतात. महाबळेश्वरला धो धो आणि खाली वाईला ऊन, हे ज्यानं पाहिलंय त्याला जास्त सांगायला नको. फ्लिक आँ फ्लाकच्या वाळूवर उघड्या अंगानं बसलेला माणूस गाडीनं तासाभरात क्युरपिपच्या धुक्यात कुडकुडत उभा असतो.

आम्ही गंगा तलावाला गेलो तेव्हा हेच झालं. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवरचं ते तळं. शेजारी शंकराची १०८ फुटी मूर्ती. मूर्तीचे पाय दिसत होते, त्रिशूळ ढगात होता. माझी छत्री दुसऱ्या मिनिटाला उलटी झाली. हाफ पँटवाले गृहस्थ अंगावर पोहण्याचा टॉवेल पांघरून दर्शनाला उभे राहिले आणि शेजारच्या माकडांनी त्यांच्याकडे फार आस्थेनं पाहिलं. (माकडांचं लक्ष हातातल्या केळ्यांवर होतं, हे नंतर कळलं.)

तेव्हा पहिली गोष्ट : छत्री घरी ठेवा, विंडचीटर घ्या. पाऊस आणि वारा दोन्ही अडवणारा, घडी घातली की मुठीत मावणारा. त्याच्या आत एक पातळ स्वेटर, त्याच्या आत सुती किंवा लवकर वाळणारा पूर्ण बाह्यांचा सदरा. जाड जाकीट एकच एक नेऊ नका. थर असले की किनाऱ्यावर एकेक काढता येतो, वर चढताना एकेक घालता येतो. जीन्स मुळीच नको. भिजली की वाळत नाही आणि वजनात दगड. आणि टॉवेलऐवजी पंचा. हसू नका. पातळ, हलका, तासाभरात वाळणारा, डोक्याला बांधा, गळ्यात घाला, वाळूवर अंथरा. पंच्याइतकं प्रवासाला सोयीचं वस्त्र मला तरी दुसरं माहीत नाही.

आता पायांकडे येते, कारण या सहलीत खरी परीक्षा त्यांचीच.

नैऋत्य टोकाला ल मोर्न नावाचा डोंगर आहे. ५५६ मीटर उंच, समुद्रातून सरळ उठलेला. गुलामगिरीच्या काळात मळ्यांवरून पळालेली माणसं त्याच्या कपारींत लपून राहत. १८३५ साली तिथली गुलामगिरी कायद्यानं संपली, आणि २००८ मध्ये युनेस्कोनं हा डोंगर जागतिक वारशात घेतला. निम्मी वाट रुंद आणि सोपी आहे. पुढे मात्र हातापायांनी चढायचं. तिथे एका कातळाला हात लावला आणि मला ओळखीचं काहीतरी वाटलं. काळा, खडबडीत, बुडबुड्यांची भोकं असलेला. हरिश्चंद्रगडावर असतो तसाच!

भूगर्भशास्त्र सांगतं की हे वाटणं अगदीच खुळं नव्हे. आज रेयुनियन बेटाखाली जो तप्त स्रोत आहे, त्याच्यावरून सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भारताचा भूखंड सरकत होता, तेव्हा दख्खनचा बेसॉल्ट ओतला गेला. तो अभ्यासकांनी याच स्रोताशी जोडला आहे. भारत उत्तरेला निघून गेला, स्रोत मागे राहिला आणि फार नंतर त्याच्यातूनच मॉरिशस वर आलं. थोडक्यात, सह्याद्री थोरला आणि मॉरिशस शेंडेफळ. म्हणून बुटांचा हिशेबही तोच. पावसात गडाच्या कातळावर ज्या बुटांनी तुम्हाला धरून ठेवलं, तेच घेऊन जा. नवे कोरे नकोत. मी दुकानातून थेट विमानात नेले होते, दोन्ही टाचांना फोड आले. निघण्याआधी तळव्यांतली माती घासून काढा. बेटावर आधीच बाहेरून आलेल्या झाडांनी मूळच्या जंगलाचा जीव नकोसा केलाय, त्यात आपलं बी आणखी कशाला?

चढताना हात मोकळे हवेत, म्हणजे पाठीवरची सॅक हवी, खांद्यावरची पर्स नको. दोन लिटर पाणी. आणि लहान टॉर्च, कारण जुलैत तिथे पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. आपल्या सवयीनं "साडेसातपर्यंत उजेड असतो की" म्हणाल तर वाटेतच अंधार गाठेल.

दुसरा जोड समुद्रासाठी. बेटाभोवती प्रवाळाचं कडं आहे, म्हणून आतलं पाणी शांत, उथळ, काचेसारखं. पण तळाशी तुटकं प्रवाळ, काटेरी समुद्री अर्चिन, आणि क्वचित दगडमासाही असतो. दिसायला हुबेहूब शेवाळलेला दगड, पाठीवर विषारी काटे. तो टोचला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून तडक दवाखाना गाठायचा. त्यापेक्षा जाड रबरी तळव्याचे, पाण्यात घालायचे बूट बरे. चपला वाळूपुरत्या ठीक, पाण्यात त्या तुमच्याआधी पोहायला लागतात.

हवा थंड म्हणून उन्हाला सौम्य समजू नका. वीस अंश अक्षांशावर वारा त्वचा गार ठेवतो आणि ऊन निमूटपणे भाजतं. पोहतानाही पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घाला, म्हणजे मलम कमी लागतं आणि प्रवाळालाही ते कमी चाटावं लागतं. टोपीला हनुवटीखाली बंद हवा. माझी पहिली टोपी आता हिंदी महासागराची आहे.

किरकोळ गोष्टी भराभर सांगते. प्लग ब्रिटिश पद्धतीचे, चौकोनी तीन पिनांचे, अडॅप्टर न्या. डासांचं मलम न्या, २००५-०६ मध्ये तिथे चिकुनगुन्याची मोठी साथ आली होती. रोजची औषधं चिठ्ठीसह मूळ वेष्टनात. कापडी पिशवी न्या, २०१६ पासून तिथे प्लॅस्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे. फळं, बिया, रोपं नेऊ नका, परवान्याशिवाय ती पुढे जात नाहीत. आणि चिवडा-ठेपल्यांचे डबेही नकोत. रस्त्यावर डाळपुरी मिळते, आत डाळ भरलेली, मऊसूत, रस्सा आणि मिरचीच्या चटणीसह. पुरणपोळीची ही तिखट मावसबहीण जोडीनंच विकतात. मी पहिल्या दिवशी एक मागितली, विक्रेत्यानं न बोलता दोन दिल्या.

भाद्रपदात गेलात तर एक बरी साडी, एक झब्बा असू द्या. गणेशचतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते आणि मिरवणुका थेट समुद्रावर जातात. १८३४ पासून करारावर उसाच्या मळ्यांत गेलेल्या मजुरांमध्ये आपलीही माणसं होती. त्यांचे वंशज घरात क्रिओल बोलतात, मराठी शाळेत शिकतात आणि सणाला जाखडी नाचतात. तिथे तिला झाकरी म्हणतात.

बॅगेत सगळ्यात खाली, विमानात वाचायला म्हणून, मी एक जुना दिवाळी अंक टाकला होता. आम्ही राहिलो त्या घरच्या मावशींना तो टेबलावर दिसला. त्यांनी बोट ठेवून, अडखळत, मुखपृष्ठावरचं शीर्षक वाचलं, मग आतलं पान उघडलं आणि मला विचारलं, "हे शंकरपाळे म्हणजे काय गं?" त्यांना सांगायला मला संध्याकाळ लागली. अंक तिथेच राहिला. येताना त्या जागी व्हॅनिलाच्या चहाची दोन पाकिटं बसली.