ग्रुपमध्ये मुलांचा नंबर कोणाकोणाला दिसतो?

लोकलमध्ये ऐकत असाल तर एक इअरफोन काढून ठेवा, स्टेशन चुकेल. 

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की ठाण्यापासून बदलापूरपर्यंत घरोघरी नवे ग्रुप तयार होतात. शाळेचा, क्लासचा, व्हॅनवाल्या काकांचा, सोसायटीतल्या क्रिकेटचा. पाचवी-सहावीपर्यंत त्यात आईचा नंबर असतो. मग कधीतरी मुलाचा स्वतःचा नंबर जातो, आणि घरात त्यावर कोणी काही बोलत नाही. खरं तर व्हॉट्सॲपचं किमान वय १३ आहे. सातवीतली बरीचशी मुलं तेवढीही नसतात. पण नंबर गेला, हे धरून चालू.

मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून आधी यंत्रणा सांगतो. साध्या ग्रुपमध्ये जितके सभासद, तितक्यांना तुमचा नंबर दिसतो. एका ग्रुपमध्ये १०२४ जण मावतात. क्लासच्या ग्रुपमध्ये दीडशे असतील, पण त्यात मुलं किती, पालक किती, कोणाचा दादा, गेल्या वर्षी क्लास सोडलेला कोण, हे कोणीच मोजत नाही. त्यात इनव्हाइट लिंक असली तर विचारूच नका. २०२० मध्ये अशा कितीतरी लिंक चक्क गुगलवर सापडत होत्या.

गडबड ग्रुपमध्ये होत नाही, तिथे सगळे शहाण्यासारखे वागतात. नंबर तिथून उचलतात आणि मेसेज पर्सनलवर येतो. ‘तू त्याच क्लासला ना? मीपण.’ मुलांना वाटतं ओळखीचाच आहे, ग्रुपमध्ये दिसतो की! आणि मेसेज एन्क्रिप्टेड असल्यामुळे कंपनीला मजकूर दिसत नाही. ते मला चांगलंच वाटतं, पण वर बसून कोणीतरी लक्ष ठेवतंय या भ्रमात राहू नका. तुम्ही रिपोर्ट दाबला की त्या माणसाचे शेवटचे पाच मेसेज कंपनीकडे जातात, तेव्हाच तिथे कोणी बघतं.

माझी भाची डोंबिवलीत आठवीत आहे. तिला असाच एक मेसेज आला, मग फोटो मागितला. तिने चार दिवसांनी मला सांगितलं. म्हटलं, अगं, आईला का नाही सांगितलंस? तर म्हणते, “मामा, आई फोनच काढून घेईल.”

आता यात ताई वाईट नाही, नव्वद टक्के घरांत हेच होतं. पण मुलांनी याचं गणित केव्हाच मांडलेलं असतं: सांगितलं तर फोन जातो, गप्प बसलं तर राहतो. समोरच्या माणसालाही हे गणित पाठ असतं. ‘घरी कळलं तर तुलाच ओरडतील’ हे त्याचं ठरलेलं वाक्य. म्हणून माझ्या मते सगळ्या सेटिंगच्या आधीचं काम हे, की काहीही आलं तरी सांगितल्याबद्दल फोन जाणार नाही, हे मुलांना आधीच, शांतपणे सांगून ठेवायचं. आणि तो शब्द पाळायचा, हे कठीण आहे.

सेटिंग सोपी आहे. प्रायव्हसीमध्ये ‘ग्रुप्स’ उघडा, ‘माय कॉन्टॅक्ट्स’ करा. हा पर्याय २०१९ पासून आहे. मग अनोळखी माणूस मुलाला थेट ग्रुपमध्ये ओढू शकत नाही. प्रोफाइल फोटोचंही तेच करा. मीडिया आपोआप डाउनलोड होणं बंद करा.

आता मोठ्यांच्या ग्रुपबद्दल, कारण मुलांच्या काळजीने सगळ्यात जास्त घोळ तिथे होतो. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मंगळवेढ्याकडून आलेल्या पाच जणांना जमावाने मारून टाकलं. मुलं पळवणारी टोळी आली आहे, ही अफवा व्हॉट्सॲपवर फिरत होती. ते भिक्षा मागणारे नाथपंथी डवरी गोसावी होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करण्याची मर्यादा जाहीर केली. 

आणि बदलापूर तर आपल्याच लाइनवरचं. २० ऑगस्ट २०२४ ला लोक रुळांवर उतरले, गाड्या कित्येक तास थांबल्या, इंटरनेट बंद करावं लागलं. राग योग्यच होता, तक्रार घ्यायला झालेल्या उशिरावर उच्च न्यायालयानेही ताशेरे ओढले. पण अशा वेळी आपल्या ग्रुपमध्ये काय फिरतं, आठवा. कुठला वर्ग, कुठली सोसायटी, वडील काय करतात. पोक्सोच्या कलम २३ प्रमाणे मुलाचं नाव, फोटोच काय, शाळा आणि परिसरही उघड करता येत नाही. ज्या मुलीसाठी आपण चिडलोय, तिच्याच घराचा पत्ता आपण वाटत असतो.

लहान मुलांचा अश्लील व्हिडिओ ग्रुपवर पडला तर ‘लोकांना सावध करायला’ पुढे पाठवू नका. पाठवणं गुन्हा आहेच. डिलीट किंवा रिपोर्ट न करता नुसता फोनमध्ये ठेवणंही गुन्हा ठरू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे. राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर अशी तक्रार नाव न देता करता येते. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८, फुकट आहे, मुलं स्वतःही लावू शकतात. 

भाचीच्या प्रकरणात आम्ही चॅटचे स्क्रीनशॉट काढले, रिपोर्ट केलं, मगच ब्लॉक केलं. हा क्रम महत्त्वाचा, कारण बरेच जण घाबरून आधी सगळं डिलीट करतात. मग ताई क्लासच्या सरांना भेटली. सर म्हणाले, फक्त ॲडमिन मेसेज करतील असं ठेवतो. पण त्याने नंबर लपत नाहीत. व्हॉट्सॲपवर कम्युनिटी बनवली की तिच्या अनाउन्समेंट ग्रुपमध्ये सभासदांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत, ॲडमिनला दिसतात. सरांना ते मी व्हिडिओ कॉलवर करून दाखवलं, दहा मिनिटं लागली. व्हॅनवाल्या काकांच्या ग्रुपचं अजून व्हायचंय, ते म्हणतात दिवाळीनंतर बघू.