पाठीमागे नाव लिहा

(१९८४ च्या दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेले भाषण)



संयोजकांनी मला ‘माझा छंद’ या विषयावर दहा मिनिटं दिली आहेत. छंद फोटोग्राफीचा. घरी हे सांगितलं तर बायको म्हणाली, “दहा मिनिटं? तेवढ्यात तुमचं लेन्सचं झाकण तरी निघेल का?” तरी प्रयत्न करतो.

आपल्या बॅचमधले आम्ही सहा जण दर महिन्याच्या पहिल्या रविवारी कुणा एकाच्या घरी जमतो. एक बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेला, एक दातांचा डॉक्टर, दोन शिक्षिका, एक द्राक्षबागायतदार आणि मी. आमचे नियम दोनच. त्या महिन्यात काढलेले पाच फोटो प्रत्येकाने कागदावर छापून आणायचे, मोबाइलवर दाखवायचे नाहीत. आणि पहिला तासभर कॅमेऱ्याचं नावही काढायचं नाही, फक्त फोटोंवर बोलायचं. दुसरा नियम पाळताना भल्याभल्यांचा जीव कासावीस होतो. चहा आला की मग बांध फुटतो. फुल फ्रेम घ्यावा की लहान सेन्सरचा? मिररलेस घेतला तर जुन्या लेन्सचं काय? आणि सगळ्यात कळीचा प्रश्न, “नवीन लेन्स घेतलीस हे वहिनींना सांगितलंस का?”

या चर्चांमधलं निम्मं ज्ञान आपल्याला शाळेतच मिळालं होतं. लेन्सवर २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ असे आकडे असतात. प्रत्येक आकडा आधीच्या आकड्याच्या वर्गमूळ दोन पट. कारण छिद्राचा व्यास तेवढ्या प्रमाणात कमी केला की क्षेत्रफळ निम्मं होतं आणि आत येणारा प्रकाशही निम्मा होतो. वर्तुळाच्या क्षेत्रफळाचा आयुष्यात काय उपयोग, असं मागच्या बाकावरून विचारणारा गडी आज आमच्या गटात आहे आणि हे आकडे पाढ्यासारखे म्हणतो. बाई, तुमची शिकवणी फुकट गेलेली नाही. सिल्व्हर ब्रोमाइडवर प्रकाश पडला की ते करडं होतं, हे सरांनी फळ्यावर समीकरण लिहून शिकवलं होतं. फिल्मचा सगळा कारभार त्याच एका समीकरणावर चालायचा.

मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, “किती मेगापिक्सेलचा घेऊ?” त्याचा हिशेब सोपा आहे. चांगल्या छपाईला एका इंचात ३०० ठिपके पुरतात. म्हणजे ६ बाय ४ इंचांच्या फोटोला १८०० गुणिले १२००, साधारण २१ लाख ठिपके. दोन मेगापिक्सेलमध्ये काम झालं! १२ बाय ८ इंचांचा मोठा फोटो भिंतीवर लावायचा असला तरी नऊ मेगापिक्सेल पुरे. तुमच्या खिशातल्या मोबाइलमध्ये याहून जास्त असतात. कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन या अभियंत्याने १९७५ मध्ये पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. त्याचं चित्र होतं १०० गुणिले १०० ठिपक्यांचं आणि ते कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत. तिथून आपण इथवर आलो.

दुसरा प्रश्न पावसाळ्यातला. लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसायला लागते. बॅगेत कोंडून कपाटात ठेवलेल्या कॅमेऱ्याला ती आधी धरते. झाकण घट्ट बसणारा डबा घ्या, त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि आठवड्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढून वापरा. तांदळाच्या डब्यात ठेवू नका, पीठ आत जातं. कॅमेऱ्याचं खरं औषध म्हणजे त्याला कामाला लावणं. हे आपल्या गुडघ्यांसारखंच आहे.

आता मुद्द्यावर येतो.

आपल्या वर्गात हजेरीत सतरा नंबर कोणाचा होता, ते सगळ्यांना आठवतं. त्याच्या वडिलांकडे आग्फाचा क्लिक थ्री होता आणि सहलीला, स्नेहसंमेलनाला तो गळ्यात अडकवून हा यायचा. एका रोलमध्ये बारा चौकोनी फोटो. मागच्या लाल खिडकीत पुढचा आकडा दिसेपर्यंत रोल फिरवायचा. बारा म्हणजे बारा, म्हणून आपल्याला रांगेत उभं करून तो कितीतरी वेळ नुसता बघत बसायचा आणि आपण ओरडायचो, “अरे काढ ना लवकर!”

तीन वर्षांपूर्वी तो गेला. मागच्या दिवाळीत वहिनींनी मला बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा दिला. त्यात चौदा रोलच्या निगेटिव्ह होत्या. डबा उघडला तसा आंबूस, व्हिनेगरसारखा वास आला. जुनी फिल्म दमट हवेत सडू लागली की असा वास येतो आणि एकदा सुरुवात झाली की ते थांबवता येत नाही. तेव्हा आमच्या गटाने पुढचे पाच रविवार या कामाला दिले. खाली पांढऱ्या उजेडाची सपाट पाटी, तिच्यावर निगेटिव्ह, वर स्टँडला उलटा टांगलेला कॅमेरा आणि जवळचं टिपणारी मॅक्रो लेन्स. ब्लोअरने धूळ उडवायची, छिद्र आठवर ठेवायचं आणि हात न लावता टायमरने फोटो घ्यायचा. मग संगणकावर काळ्याचं पांढरं करायचं. ज्या महागड्या लेन्सवरून आम्ही एवढे वाद घातले, तिचा याहून चांगला उपयोग मला तरी माहीत नाही.

१६८ पैकी १४१ फोटो वाचले. ते आज व्हरांड्यात मांडले आहेत.

पण वाचले म्हणजे काय? त्यात ३१ चेहरे असे आहेत की आम्हा सहांपैकी कुणालाही त्यांची नावं सांगता आली नाहीत. एका फोटोत फाटकाजवळ टोपली घेऊन बसलेली बोरंवाली आजी आहे. चिंचा-बोरं आपण सगळ्यांनी तिच्याकडून खाल्ली, कित्येकदा उधारीवर. तिचं नाव कुणालाच माहीत नाही. घंटा वाजवणारे मामा आहेत. ‘मामा’ एवढंच माहीत. सर, बाई, ही नावं आता फक्त तुमच्याकडे आहेत. आमच्यानंतर हा फोटो कुणाच्या हाती लागला तर त्याला दिसेल एक म्हातारी आणि एक टोपली, बस्स. कॅमेरा चेहरा टिपतो, नाव टिपत नाही. ते कुणीतरी लिहावं लागतं.

म्हणून तीन विनंत्या आहेत.

पहिली, घरच्या जुन्या फोटोंच्या मागे कडेला मऊ पेन्सिलीने नाव, गाव आणि साल लिहा. बॉलपेन नको, त्याचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. कागद गुळगुळीत असेल आणि पेन्सिल उठत नसेल तर फोटो पाकिटात ठेवा आणि पाकिटावर लिहा. आईवडील आहेत तोवर त्यांच्याजवळ बसून हे काम उरका.

दुसरी, मोबाइलमधल्या हजारो फोटोंपैकी वर्षाला पन्नास निवडा आणि छापून घ्या. बाकीच्यांच्या तीन प्रती ठेवा. त्यातली एक दुसऱ्या घरी असू द्या, भावाकडे, मुलीकडे, कुठेही. आणि व्हॉट्सॲपवरून जुना फोटो पाठवायचा असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. नुसता फोटो म्हणून पाठवला की तो आक्रसतो आणि बारकावे जातात.

तिसरी विनंती माझी नाही, सतरा नंबरच्या मुलीची आहे. १४१ फोटोंत तिचे बाबा कुठेच नाहीत. ते कायम कॅमेऱ्याच्या मागे. सूर्य पाठीशी घेऊन फोटो काढायचा, असा तेव्हाचा शिरस्ता होता. त्यामुळे सहलीच्या एका फोटोत आपल्या सगळ्यांच्या पायाशी त्याची सावली तेवढी पडलेली दिसते, कोपर वर, मान खाली. ती मला म्हणाली, “काका, बाबांचा शाळेतला एखादा फोटो कुणाकडे असेल का?”

कुणाकडे तरी असेलच. ट्रंकेत, माळ्यावर, जुन्या अल्बममध्ये. वर्गाचा ग्रुप फोटो असेल, कबड्डीच्या संघाचा असेल. आज घरी गेल्यावर शोधा. छोटा असला, पिवळा पडलेला असला तरी चालेल, दुरुस्तीचं आम्ही बघू.

आता जेवणाच्या सुट्टीत व्हरांड्यात चला. प्रत्येक फोटोखाली कोरा कागद चिकटवला आहे आणि टेबलावर पेन्सिली ठेवल्या आहेत. सर, बाई, तुमच्यासाठी खुर्च्या मांडल्या आहेत. मित्रमैत्रिणींनो, चष्मे विसरू नका. बोरंवाल्या आजीपासून सुरुवात करू.