घरापासून दूर शिकताना
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



कार्यकारिणीने मला "परदेशी शिकणारी आपली मुलं" हा विषय दिला तेव्हा आमच्या सेक्शनमध्ये थोडा हशा झाला. कारण मी डिप्लोमावाला. पॉलिटेक्निक जबलपुरात, नोकरी जबलपुरात. शिक्षणासाठी केलेला सर्वांत लांबचा प्रवास म्हणजे सायकलवरची पंचवीस मिनिटं, तीही घरून डबा घेऊन. पण आज या सभागृहात किमान दहा-बारा घरं अशी आहेत की ज्यांचं एखादं मूल साता समुद्रापार आहे. माझ्या सख्ख्या बहिणीची मुलगीही त्यातच आहे. तेव्हा अधिकार नसला तरी काळजी आहे, आणि तेवढ्या भांडवलावर मी बोलणार आहे.

या विषयावर विचार करताना मला पुन्हापुन्हा डॉ. आनंदीबाई जोशी आठवल्या. त्यांचं नाव सर्वांना ठाऊक आहे. श्री. ज. जोशींची 'आनंदी गोपाळ' कादंबरी अनेकांनी वाचली असेल, २०१९ साली आलेला सिनेमाही पाहिला असेल. पहिली स्त्री डॉक्टर, एवढं म्हणून आपण हात जोडतो आणि पुढे जातो. मला मात्र त्या विद्यार्थिनी म्हणून कशा राहिल्या, काय खाल्लं, खोली कशी होती, यात जास्त रस वाटला.

त्यांचे यजमान गोपाळराव पोस्टात होते. म्हणजे आपल्यासारखीच बदलीची नोकरी. कल्याण, अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज आणि मग थेट कलकत्ता. बदलीची ऑर्डर हातात पडल्यावर घरात काय होतं, हे इथल्या वहिनींना मी सांगायला नको. जाता जाता एक सांगतो. मार्च १८७० मध्ये आपल्या जबलपूरला ग्रेट इंडियन पेनिन्शुला आणि ईस्ट इंडियन या दोन रेल्वे एकमेकींना मिळाल्या, आणि मुंबई-कलकत्ता सलग रेल्वेमार्ग झाला. नागपूरवरून जाणारा मार्ग नंतरचा. त्यामुळे त्या काळी मुंबईचा माणूस रेल्वेने सरळ कलकत्त्याला निघाला की जबलपूर त्याला चुकत नसे. जूल व्हर्नने आपल्या 'ऐंशी दिवसांत' पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या नायकाला याच मार्गावर आणलं आणि रूळ अपुरे दाखवून हत्तीवर बसवलं. कथेतलं साल १८७२, आणि लाईन दोन वर्षं आधीच चालू झालेली! रेल्वेवाला म्हणून ही तक्रार नोंदवून ठेवतो.

तर, नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी मूल, आणि ते मूल दहा दिवसांत गेलं. वैद्यकीय मदत मिळाली असती तर ते वाचलं असतं, ही खंत त्यांच्या मनात राहिली. १८८३ च्या फेब्रुवारीत बंगालमधल्या श्रीरामपूरला (आपल्या नगर जिल्ह्यातलं नव्हे) त्यांनी कॉलेजच्या सभागृहात इंग्रजीतून भाषण केलं. लोकांचे प्रश्न काय होते? अमेरिकेलाच का जायचं? इथे शिकता येत नाही का? एकटीच का जाते? जातीने वाळीत टाकलं तर? तिकडे काही बरंवाईट झालं तर? एकेक प्रश्न घेऊन या सतरा वर्षांच्या मुलीने उत्तर दिलं. त्यातले दोन-तीन प्रश्न माझ्या बहिणीला आपल्याच कॉलनीत २०२४ साली विचारले गेले, शब्द तेवढे बदलले होते.

७ एप्रिल १८८३ ला त्या कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. सोबत ओळखीच्या मिशनरी बायका होत्या, घरचं कुणी नाही. न्यूयॉर्कला उतरवून घ्यायला आल्या त्या थिओडिशिया कार्पेंटरबाई. ही ओळखसुद्धा मोठी विलक्षण. बायकोला शिकवायला अमेरिकेत मदत मिळेल का, असं विचारणारं गोपाळरावांचं पत्र तिकडच्या एका मिशनरी मासिकात छापून आलं होतं. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या या बाई दाताच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट पाहत बसल्या होत्या, तिथे ते त्यांच्या वाचनात आलं. त्यांनी स्वतःहून पत्र लिहिलं, आणि मग तीन वर्षं पत्रं येत-जात राहिली. प्रत्यक्ष भेटण्याआधीच आनंदीबाई त्यांना 'मावशी' म्हणू लागल्या होत्या.

फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजने त्यांना प्रवेश दिला, शिष्यवृत्ती दिली. डीन रेचेल बॉडली यांचा लोभ होता. म्हणजे कागदावर सगळं उत्तम. आणि प्रत्यक्षात? खोलीतली शेगडी नीट नव्हती. पेटवावी तर खोलीभर धूर, न पेटवावी तर फिलाडेल्फियाची थंडी. खाणं शाकाहारी, तेही हाताने करून. नऊवारीत पाय उघडे राहतात म्हणून गुजराती पद्धतीचं पातळ नेसायला लागल्या, पण साडी सोडली नाही. वरून गोपाळरावांची पत्रं. त्यांनीच शिकवलं, त्यांनीच पाठवलं, हे सोळा आणे खरं. पण पत्रांतून कधी संशय, कधी टोचून बोलणं. बायको बदलेल, हाताबाहेर जाईल ही भीती. पत्र पोचायला महिना-सव्वा महिना, खुलासा पोचायला पुन्हा तेवढाच. अशा अवस्थेत तिने शरीरशास्त्र पाठ केलं, हिंदू स्त्रियांच्या प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहिला आणि ११ मार्च १८८६ ला एम.डी. झाली. गोपाळराव तेव्हा तिथे पोचले होते, पंडिता रमाबाई खास इंग्लंडहून आल्या होत्या.

कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागाची जागा त्यांच्यासाठी ठरली होती. पण परतल्या त्या क्षयाने पोखरून. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या. बावीस वर्षंही पुरी नव्हती.

आता भाचीचं सांगतो. तिच्या परवानगीने सांगतो आहे, फक्त नाव नको म्हणाली. ती २०२४ च्या सप्टेंबरात जर्मनीला गेली. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही, पण व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ यूरो आधीच एका बंद खात्यात ठेवावे लागले. दरमहा त्यातले ९९२ हातात येत, जास्त नाही. भावजींनी पीएफमधून काढले, उरलेल्याचं कर्ज. इथपर्यंत सगळं ठीक. रोज रात्री व्हिडिओ कॉल. "जेवलीस का?" "हो." "काय केलंस?" "वरण-भात." बहीण खूश.

जानेवारीत तिच्या खोलीतल्या केरळच्या मुलीने घरी फोन केला. पोरगी पंधरा दिवस ब्रेड आणि चहावर होती. एका विषयात नापास झाली होती, दुपारी चार-साडेचारला अंधार पडतो तेव्हापासून पांघरुणात पडून राहत होती, आणि कॉलच्या वेळी उठून केस विंचरून कॅमेऱ्यासमोर बसत होती. का सांगितलं नाहीस, असं आईने विचारल्यावर म्हणाली, "तुम्ही सगळ्यांना पेढे वाटलेत ना."

पर्मनंट वेवाल्या माझ्या मित्रांना मी काय म्हणतो ते लगेच कळेल. आपण लांब वेल्डेड रूळ टाकतो. थंडीत रूळ आकसायला बघतो, पण दोन्हीकडून धरलेला असतो. वरून पाहाल तर सरळ, चकचकीत. ताण आत साठतो आणि पहाटे कधीतरी एखाद्या वेल्डला तडा जातो. म्हणून तर हिवाळ्यात आपली माणसं रात्री कंदील-टॉर्च घेऊन पायी गस्त घालतात. गाडीतून पाहून ते कळत नाही, चालत जावं लागतं. व्हिडिओ कॉल म्हणजे गाडीतून पाहणं आहे, असं माझं मत झालं आहे. आनंदीबाईंच्या पत्राला महिना लागे, पण रोझेलला एक मावशी होती. सुट्टीत जायला घर होतं.

भाची आता बरी आहे. विद्यापीठात विद्यार्थ्यांसाठी समुपदेशक असतो, त्याच्याकडे ती मैत्रीण तिला घेऊन गेली. राहिलेला पेपर निघाला. परत बोलवावं असं घरात दोन मतं होती. मी बोलवू नये या बाजूचा होतो, आजही आहे, पण बहिणीची झोप उडाली होती हेही मी पाहिलं आहे.

पैशाचंही एक सांगतो. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली कोलंबियाला गेलेल्या डॉ. आंबेडकरांना १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं, कारण मुदत संपली. पैसे जमवून ते १९२० ला पुन्हा गेले आणि १९२३ ला डी.एस्सी. झाले. एवढ्या बुद्धीच्या माणसाची ही गत, तर आपल्या पोरांचा हिशेब महिनाअखेरीला चुकला म्हणून आकांडतांडव करू नये.

मी विषय दिला गेला म्हणून बोललो खरा, पण उठताना एक मागणी करणार आहे. नातेवाईक, शाळासोबती, जुने शेजारी मिळून जबलपूरच्या मराठी माणसांची किती घरं परदेशात आहेत, याची वही आपल्याकडे नाही. वर्गणीची आहे, ही नाही. कोणत्या गावात कोण, जायला-यायला किती अंतर, पोराला शनिवार-रविवार जेवायला बोलावतील का, एवढंच लिहायचं. माझ्या मेव्हण्याच्या ओळखीचं एक कुटुंब भाचीच्या शहरापासून रेल्वेने दीड तासावर निघालं. हे आम्हाला कळलं फेब्रुवारीत. आता ती दर महिन्याला तिथे जाते, आणि मागच्या वेळी त्या काकूंनी तिच्याकडून उकडीचे मोदक करून घेतले. निम्मे फुटले म्हणे.

आनंदीबाईंच्या अस्थी गोपाळरावांनी कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या. न्यूयॉर्क राज्यात पोकिप्सी इथे, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत त्या पुरल्या आहेत. मावशीने तिथेही जागा दिली.

आरतीची वेळ झाली आहे, मागे ताम्हण वाजायला लागलं. वही मी आणली आहे, दोनशे पानी. चिटणिसांच्या टेबलावर, प्रसादाच्या शेजारी ठेवतो. पेनही बांधून ठेवलं आहे.