पालिओ १.६ : गाडी वाईट होती की फक्त नाव वाईट झालं?

(या भागात जे बोललो तेच इथे लिहून दिलंय. वाक्यं थोडी सरळ केलीत, बाकी बोलणं जसंच्या तसं.)

हेडफोन लावून मेट्रोत बसला असाल किंवा चाकणच्या बसमध्ये उभे असाल, तर आजचा भाग तुमच्यासाठीच. कारण आज गाडीवर बोलायचंय, आणि तीही अशी गाडी की जिचं नाव काढलं की घरातला मोठा माणूस लगेच म्हणतो, "फियाट? नको रे बाबा!"

फियाट पालिओ १.६. ही गाडी खरंच इतकी वाईट होती का, हे आज बघायचं.

आधी एक शंका काढून टाकू. पालिओला स्पोर्ट्स कार कसं म्हणता? पाच दरवाज्यांची हॅचबॅक ती. बरोबर आहे. पण आपल्याकडे स्वस्तातली स्पोर्ट्स कार म्हणजे काय होतं, ते आठवा. गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म होती. दोन सीट, फायबरची बॉडी, दिसायला एकदम झकास. आत मात्र रेनॉचं १.२ लिटरचं साधं इंजिन, साठच्या आसपास बीएचपी. म्हणजे रूप स्पोर्ट्स कारचं आणि दम हॅचबॅकचा. पालिओ १.६ चं बरोबर उलटं होतं. रूप घरगुती, पण बॉनेटखाली १५९६ सीसीचं, सोळा व्हॉल्व्हचं, १०० बीएचपीचं इंजिन. त्या काळात मारुती ८०० मध्ये ३७ बीएचपी होते. दीड लिटरच्या होंडा सिटीत होते साधारण १००. म्हणजे सेडानची ताकद फियाटने हॅचबॅकमध्ये कोंबली होती. साध्या पगाराच्या माणसाला परवडेल अशी वेगवान गाडी म्हणाल, तर ती हीच.

आता थोडा इतिहास. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० निघाली, तीच पुढे प्रीमियर पद्मिनी झाली, आणि मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणजे पद्मिनी हे समीकरण बनलं. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. म्हणजे महाराष्ट्रात फियाट हे नाव एके काळी घरातलं होतं. मग बिघडलं कुठे?

पहिला तडा गेला उनोमुळे. १९९६ मध्ये फियाट उनो आली, लोकांनी पैसे भरून धडाधड बुकिंग केलं, आणि कामगारांच्या वादात गाड्या बाहेरच पडेनात. पैसे अडकलेला माणूस काय बोलणार? चांगलं तर नाहीच.

त्यानंतर २००१ मध्ये पालिओ आली. डिझाइनमागे जुजारोंच्या इटालडिझाइनचा हात, जाहिरातीत सचिन तेंडुलकर. सचिनच्या नावाची एस-१० ही खास आवृत्तीसुद्धा काढली होती. १.२ पेट्रोल, १.६ पेट्रोल, नंतर १.९ डिझेल. सुरुवातीला मागणी जोरात होती. आणि मग दोन-तीन वर्षांत सगळं थंड झालं.

लोक पालिओबद्दल तीन गोष्टी म्हणतात. एकेक घेऊ.

पहिली : पेट्रोल पिते. हे खरं आहे. १.६ शहरात आठ-नऊच्या वर फारसं देत नाही. कारण साधं आहे. गाडी हजार किलोच्या वर, पत्रा जाड, इंजिन मोठं. पिंपरी ते स्वारगेट सिग्नलला थांबत थांबत गेलात तर काटा डोळ्यांसमोर खाली येतो. ज्या देशात "कितना देती है" हा पहिला प्रश्न असतो, तिथे ही गाडी पहिल्याच पेपरात नापास. त्यामुळे हा आरोप मान्य.

दुसरी : सर्व्हिस नाही, पार्ट मिळत नाहीत. हेही त्या वेळी बऱ्याच अंशी खरं होतं. पण हा दोष गाडीचा की दुकानाचा?

इथे आपल्या पिंपरीचं उदाहरण घ्या. टाटा इंडिका. डिसेंबर १९९८ मध्ये आली, पिंपरीतच बनली. सुरुवातीच्या इंडिकाबद्दल तक्रारी काय कमी होत्या? पण टाटांनी २००१ मध्ये सुधारलेली व्ही-टू आणली आणि गाडीमागे सर्व्हिसचं जाळं उभं केलं. गल्लीतला मेकॅनिक इंडिका खोलायला शिकला. दहा वर्षांत तीच इंडिका प्रत्येक टॅक्सी स्टँडवर. सुरुवात दोघींची अडखळत झाली, पण एकीमागे वर्कशॉप उभं राहिलं आणि दुसरीमागे नाही.

आपण दापोडीकरांना हे वेगळं सांगायला नको. इथे एसटीचं मध्यवर्ती वर्कशॉप आहे. एसटीची बस काय जादूची असते का? नाही. ती खेडोपाडी, खड्ड्यांतून, घाटातून वर्षानुवर्षं चालते, कारण तिला उघडणारे, जोडणारे, पत्रा ठोकणारे हात कायम तयार असतात. गाडी कारखान्यात जन्मते, पण जगते ती वर्कशॉपमध्ये. पालिओला ते वर्कशॉप वेळेवर मिळालं नाही. टाटांच्या शोरूममध्ये फियाट विकायला लागली २००६ मध्ये, पालिओ स्टाइल आली २००७ मध्ये. तोवर लोकांचं मत पक्कं झालं होतं.

तिसरी : फियाटचं इंजिनिअरिंगच कच्चं. हा आरोप मात्र मला अजिबात पटत नाही, आणि त्याला पुरावा आहे. फियाटचंच १.३ मल्टिजेट डिझेल इंजिन २००७ मध्ये मारुतीने स्विफ्टमध्ये घातलं. पुढे डिझायर, रिट्झ, एर्टिगा, इंडिका व्हिस्टा, सगळीकडे तेच इंजिन. लोक त्याला भारताचं राष्ट्रीय इंजिन म्हणायला लागले. २०२० मध्ये बीएस-६ येईपर्यंत मारुतीने ते वापरलं. आता बघा गंमत. जो काका "फियाट नको" म्हणतो, त्याच्याच दारात स्विफ्ट डिझेल उभी असते, आणि तो तिचं कौतुक करून थकत नाही! इंजिन फियाटचं, बिल्ला मारुतीचा. मग वाईट काय होतं, इंजिन की बिल्ल्यामागचं दुकान?

आणि बदनामीचं एक चक्र असतं, ते नीट समजून घ्या, कारण जुनी कुठलीही गाडी किंवा बाइक घेताना उपयोगी पडेल. नाव वाईट झालं की रिसेल पडतो. रिसेल पडला की मालक म्हणतो, हिच्यावर कशाला खर्च करू? ऑइल उशिरा बदललं जातं, टायमिंग बेल्ट पुढे ढकलला जातो, सस्पेन्शनचे बुश वाजत राहतात. मग ती गाडी तिसऱ्या-चौथ्या मालकाकडे येते आणि रस्त्यात बंद पडते. तो म्हणतो, बघा, सांगत होतो ना! थोडक्यात, गाडी बंद पडते दुर्लक्षामुळे आणि शिव्या खातो कारखाना.

चालवायला कशी आहे? जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने लोणावळ्याकडे जा आणि घाट लागू द्या. हायड्रॉलिक स्टिअरिंग आहे, चाकाखाली काय चाललंय ते हाताला कळतं. गाडी रस्त्याला धरून बसते. आजच्या हलक्या, इलेक्ट्रिक स्टिअरिंगच्या गाड्यांवर शिकलेल्याला सुरुवातीला जड वाटेल, पण दहा किलोमीटरनंतर हसू येईल. फक्त दार लावताना "धप्प" आवाज येतो म्हणून गाडी सुरक्षित आहे असं समजू नका. वीस वर्षांपूर्वीची सुरक्षितता आणि आजची, यांत फार फरक आहे.

आता मुद्द्याचं. आपल्या श्रोत्यांपैकी बरेच जण चोवीस-पंचवीसचे आहेत, चाकण-भोसरीत शिफ्टमध्ये काम करतात. अशांचे मेसेज येतात : "दादा, दोन वर्षं साठवलेत, पालिओ १.६ मिळतेय, घरचे नको म्हणतात, घेऊ का?"

माझं सरळ उत्तर. ही तुमची एकमेव गाडी असणार असेल, तिच्यावरच पहिल्या शिफ्टला पोचायचं असेल आणि साठवलेले सगळे पैसे तिच्यातच जाणार असतील, तर घेऊ नका. इथे घरच्यांचं बरोबर आहे. गाडी चांगली असली तरी पार्ट यायला पंधरा दिवस लागले तर तुमची हजेरी कोण लावणार? पण कामाला जायला बाइक किंवा कंपनीची बस आहे, आणि गाडीच्या किमतीइतकेच पैसे दुरुस्तीसाठी वेगळे ठेवता येतात, तर जरूर बघा.

बघताना चार गोष्टी.

एक, कागद. २००३ ची गाडी असेल तर तिची पंधरा वर्षं कधीच संपली. आरसीचं नूतनीकरण झालंय का आणि कधीपर्यंत, ते आधी तपासा. एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या कारची नूतनीकरण फी ५,००० रुपये झाली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या कारसाठी १०,०००. वर फिटनेस तपासणी आणि पर्यावरण कर वेगळा. "व्हिंटेज म्हणून नोंदवू" असं कुणी सांगितलं तर भुलू नका. त्यासाठी गाडी पन्नास वर्षांची लागते.

दोन, टायमिंग बेल्ट. शेवटचा कधी बदलला याची पावती नसेल तर बदललेला नाही असंच धरा. तो तुटला तर इंजिनाचं मोठं काम निघू शकतं.

तीन, पेट्रोल. आता पंपावर ई-२० मिळतं. ही गाडी त्यासाठी बनलेली नाही. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा सुमारे एक-तृतीयांश कमी, म्हणून आधीच कमी असलेलं ॲव्हरेज अजून घटतं. जुने रबरी पाइप आणि सील कडक झालेत का, पेट्रोलचा वास येतो का, हे मेकॅनिककडून बघून घ्या आणि पाइप बदलून टाका.

चार, मेकॅनिक. गाडीच्या आधी तो शोधा. फियाट खोललेला माणूस आसपास नसेल तर व्यवहारच करू नका. पार्टसाठी कुर्ल्याच्या सीएसटी रोडला चकरा माराव्या लागतील, ही तयारी ठेवा.

तर निकाल काय? पेट्रोलबद्दलची बदनामी योग्य. सर्व्हिसबद्दलची बदनामी कंपनीच्या नावावर लिहा, गाडीच्या नाही. आणि "फियाटला इंजिन बनवता येत नाही" हे तर सरळ चूक. रांजणगावचा कारखाना आजही चालू आहे, तिथून जीप कंपास निघते. फियाटचा बिल्ला मात्र आपल्या शोरूममधून गेला. उरल्यात त्या थोड्याफार पालिओ, कुठे सोसायटीच्या कोपऱ्यात कव्हरखाली, कुठे झाडाखाली टायर बसलेल्या. त्यातली एखादी नीट राखलेली दिसली तर मालकाशी दोन शब्द बोला. अशी माणसं गाडी विकोत न विको, माहिती मात्र भरभरून देतात.

तुमच्या घरी पालिओ, सिएना किंवा उनो होती का? कशी चालली, का विकली? व्हॉइस नोट पाठवा, चांगल्या आठवणी असोत किंवा शिव्या, दोन्ही ऐकवू. आणि हेल्मेट, सीटबेल्ट विसरू नका. भेटूया पुढच्या भागात!